सतरा पिवळी वर्तुळे

त्यांच्याकडे मी एकोणीस वर्षे फोरमन होतो. ते वारले तेव्हा मी बडोद्यातच होतो आणि निरोपही वेळेवर आला होता. मी गेलो नाही. नंतर लोकांनी विचारले, तब्येत बरी नव्हती का? तब्येत उत्तम होती. राग होता. म्हातारपणी माणूस निवळतो असे म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरे ठरलेले नाही.

त्यांचा धंदा अवजड मालाच्या वाहतुकीचा. कारखान्यांत तयार झालेले ट्रान्सफॉर्मर, रसायनांच्या टाक्या, साध्या ट्रकवर मावणार नाहीत अशा वस्तू आम्ही ट्रेलरवरून नेत असू. अशा ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याची मान पुढे उचललेली असते आणि मानेखालची जाड खीळ ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवरच्या तबकडीत अडकते. या ओढणाऱ्या गाडीला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. पुढचा सगळा भार त्या मानेवर येतो. वाचकाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे: मान तुटली, तर मागचे पन्नास टन कुणाचेच ऐकत नाहीत.

त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. ऑफिसात भिंतीवर एक तलवार होती आणि तिच्याखाली टेलिफोनसाठी केलेला कोनाडा रिकामा होता. टेलिफोन बाहेर ओसरीत, उन्हात, एका स्टुलावर ठेवलेला असे. कारण विचारले तर म्हणत, "सावलीत ठेवला की माणसं लांबण लावतात." स्वतः ते ओसरीत उभे राहून, घाम पुसत, दोन वाक्यांत बोलणे संपवीत. चहाही उभ्यानेच. बसून चहा पिणारा माणूस दुसरा कप मागतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

खंडेनवमीला ती तलवार खाली उतरत असे. तिच्या शेजारी जॅक, पाने, साखळ्या, माझे वेल्डिंगचे होल्डर, सगळे एका ओळीत मांडले जाई आणि ते स्वतः प्रत्येकाला हळदकुंकू लावीत. एका वर्षी ओळीतला एक पाना तिरका होता म्हणून त्यांनी पूजा थांबवून तो कुणी ठेवला याची चौकशी केली. मी ठेवला होता. सर्वांसमक्ष दहा मिनिटे माझी हजेरी झाली आणि मग आरती. रागावणे हा त्यांचा दिनक्रम होता. दोर सैल, कप खरकटा, शर्टाचे बटण तुटलेले. कारण लहान असो वा मोठे, तोफेचा आवाज एकच.

माल निघाला की ते घोड्याच्या केबिनमध्ये कधी बसत नसत. पांढरा शर्ट, काळी टोपी, चकचकीत बूट आणि हातात पंधरा फुटांचा बांबू, असे ते ट्रेलरच्या पुढे चालत. बांबू रस्त्यावरच्या तारांची उंची मोजण्यासाठी. शहराची हद्द ओलांडेपर्यंत हे असे चाले. कधी तीन मैल, कधी पाच. मागे ट्रान्सफॉर्मर माणसाच्या चालीने सरकत येई. "बसलेल्याला काच दिसते, चालणाऱ्याला रस्ता दिसतो," हे त्यांचे वाक्य मी हजार वेळा ऐकले असेल. स्कूटरवाले हसत. पोरे त्यांच्या मागून काठ्या खांद्यावर घेऊन कवायत करीत.

सावली गावाच्या रस्त्यावर एकदा एक तार बांबूला टेकली. वीतभर खाली होती. अशा वेळी सगळे जण तार बांबूने उचलतात, गाडी काढतात आणि तार सोडून देतात. आमचा मुख्य ड्रायव्हर रमणभाई खाली उतरून बांबू हातात घेऊ लागला.

"ठेव तो," मालक म्हणाले. "वायरमनला बोलवा."

"साहेब, बधा आम ज करे छे."

"सगळ्यांना करू दे. तार उचलून तू निघून जाशील. ती सैल होऊन उद्या खाली आली, तर कुणावर येईल?"

"ए तो भगवान जाणे."

"तेच म्हणतो मी. मला जाणायचंय."

वायरमन यायला चार तास लागले. वैशाखाचे ऊन. चारही तास मालक बांबू धरून तारेखाली उभे होते, जणू त्यांनी सोडला असता तर आकाश कोसळले असते. रमणभाई माझ्याजवळ चाकाच्या सावलीत बसून म्हणाला, "फोरमनकाका, आ माणस आपणने भूखे मारशे." मी त्याला गप्प केले. पण मनात म्हटले, खरे आहे.

आता त्या वर्तुळांविषयी.

ट्रेलर जुना होत गेला की लोखंडाला तडे जातात. तडा घासून काढायचा, वेल्डिंगने भरायचा, गरज असेल तर वर पट्टी मारायची. हे काम माझे. मी ते चांगले करीत असे. नम्रतेखातर खोटे बोलण्याचे माझे वय राहिलेले नाही. वेल्ड थंड झाला की ते स्वतः पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन येत. दुरुस्तीभोवती वर्तुळ काढीत आणि आत तारीख लिहीत. कोणीही करीत नाही असे हे काम. इतर मालक दुरुस्तीवर रंग मारून ती झाकतात. हे म्हणत, "जखम झाकणारा शिपाई भित्रा." शिपाई कुठला आणि जखम कसली! पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दर फेरीच्या आधी रमणभाई टॉर्च घेऊन वर्तुळ ते वर्तुळ फिरे. कुठे पाहायचे ते त्याला ठाऊक असे.

वर्तुळे वाढत वाढत सतरा झाली. हायवेवरच्या ढाब्यांवर आमच्या ट्रेलरला दीपडो म्हणत. म्हणजे बिबट्या. "दीपडो आव्यो," असे म्हणून दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर हसत.

मग दिवस बदलले. बाहेरच्या कंपन्यांशी करार करून नवे कारखाने उभे राहिले. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत ज्याच्या-त्याच्या घरी जुना टीव्ही देऊन नवा, जुना मिक्सर देऊन नवा असा सपाटा सुरू झाला. एक्स्चेंज हा शब्द भाजीवालीच्याही तोंडी आला. अशातच आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याने, पत्र पाठवले. दहा वर्षांहून जुना ट्रेलर यापुढे फाटकातून आत घेतला जाणार नाही. महिनाअखेरपर्यंत नवा दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला. आमचा दीपडो सोळा वर्षांचा होता. आमच्याकडे तो एकच मोठा ट्रेलर होता, आणि त्यावर आम्ही चौदा माणसे जगत होतो.

धाकटे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, कॉमर्सचा पदवीधर. समजूतदार होता. त्याने हायवेवरचा एक ट्रेलर विकणारा शेठ गाठला. जुना द्यायचा, नवा घ्यायचा, फरक हप्त्यांनी. त्याखेरीज आमची ऐपत नव्हती. शेठ येऊन दीपड्याभोवती फिरला. सांगाडा त्याला आवडला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, बधुं बराबर. फक्त आ पीळां टपकां काढी नाखो ने."

"का?"

"घराक गभराय ने, साहेब."

"गिऱ्हाईक घाबरावं म्हणूनच ती आहेत. किंमत कमी करा. वर्तुळं राहतील."

"भावनी वात नथी. आवी रीते कोई लेशे ज नहीं."

तीन आठवडे हे चालले. शेठ यायचा, हसायचा, नमस्कार करून जायचा. हे ओसरीत उभ्याने चहा प्यायचे. मुलगा ऑफिसात डोके धरून बसायचा. रमणभाईच्या मुलीचे लग्न ठरलेले होते, तो रोज मला विचारी, "काका, शुं थयुं?"

शेवटच्या शनिवारी मुलगा माझ्याकडे आला. "काका, बाबा उद्या सुरतेला लग्नाला चाललेत. सोमवारी सकाळी शेठच्या यार्डात गाडी द्यायची आहे. मी शेठला हो म्हणून टाकलंय."

"आणि वर्तुळं?"

"तुमचं वेल्डिंग कच्चं आहे का, काका?"

"नाही."

"मग झालं तर. खोटं कुठे आहे त्यात?"

मला त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. मी पन्नाशीचा होतो. रविवारी मी एकटाच गेलो, दुसऱ्या कुणाला त्यात ओढायचे नव्हते म्हणून. वेल्डचे उंचवटे घासून सपाट केले, पुट्टी भरली, प्रायमर दिला, राखाडी रंगाचे दोन हात मारले. काम करायचे तर नीट करावे, ही माझी सवय. संध्याकाळी दीपडो नाहीसा झाला होता. त्याच्या जागी एक गुळगुळीत, वयाचा पत्ता न लागणारा ट्रेलर उभा होता.

सोमवारी यार्डात नव्या ट्रेलरला झेंडूचे हार घातलेले होते. फोटोग्राफर आलेला होता. पेढे होते. राजस्थानातून संगमरवराचे ठोकळे आणणारा एक व्यापारीही हजर होता. जुना ट्रेलर तोच घेणार होता. रमणभाईने दीपडो आत आणला आणि घोडा सोडवून टेकूवर उभा केला. हे सुरतेहून थेट तिथे आले. शेठ वर्तुळांसकट घेतोय असे मुलाने त्यांना सांगितले होते. दोन्ही ट्रेलरांना नारळ फोडायचा म्हणून हातात दोन नारळ होते. जुन्याजवळ गेले आणि थांबले.

एक फेरी घातली. नारळ मुलाच्या हातात दिले.

"रंग कुणी दिला?"

मुलगा म्हणाला, "बाबा, जरा शोभेसाठी..."

"तुला विचारलं नाही. हात तुझा नाही हा."

"मी दिला," मी म्हणालो.

आता तोफ सुटणार म्हणून सगळे अंग चोरून उभे राहिले. ती सुटली नाही. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्यापुढे धरला.

"सतरा होती. दाखवा."

त्या व्यापाऱ्यासमोर, शेठसमोर, माझ्या हाताखालच्या माणसांसमोर मी वाकून, आडवा होऊन, माझीच कामे खडूने दाखवीत गेलो. एकोणीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता. सोळा खुणा झाल्या. सतरावी मानेत होती. डाव्या तुळईत, खालच्या अंगाला. मी तिथे हात फिरवला. पुन्हा फिरवला. टॉर्च मागितला. पुट्टी इतकी साफ बसली होती, की बोटाला काही लागेना. मागे की पुढे, हात दोन हात इकडे की तिकडे, सांगता येईना.

"फोरमन, सतरावी?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

मी टॉर्च तुळईखाली सरकवला. शेठ हसून म्हणाला, "चालशे हवे, साहेब, जवा दो ने." हे शेठकडे वळलेही नाहीत.

"तुमच्याकडे गॅसकटर असेल. मागवा."

"बाबा!" मुलगा ओरडला.

मी पुढे झालो. "मालक, रंग खरवडून काढतो. अर्ध्या दिवसात सापडेल. तुमची वर्तुळं मी स्वतः पुन्हा काढतो."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी काय?"

"पुढच्या रविवारी ट्रेलर यांच्याकडे असेल. यांच्याकडेही फोरमन असेल. तुमच्यासारखाच चांगला."

"चौदा घरं आहेत, मालक."

"मला मोजता येतात."

कटर आला. मला म्हणाले, "कापा." मी नाही म्हणालो. मग त्यांनी टोपी काढून ठेवली, माझा काळा चष्मा माझ्याच खिशातून काढून घेतला आणि मानेची तुळई स्वतः कापू लागले. पासष्टीचा माणूस, कटर कधी हातात धरलेला नाही. ज्योत नाचत होती, काप नागमोडी जात होता, वितळलेले लोखंड बुटांवर पडत होते. शेठने पेढ्यांचा खोका बंद केला. फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून मागे सरकला. रमणभाई माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

तो वाकडा काप मला बघवेना. त्यात उदात्त काही शोधू नये. मी त्यांच्या हातातून कटर घेतला आणि दोन्ही तुळया सरळ कापल्या. मान जमिनीवर आली तेव्हा यार्डातली कबुतरे उडाली.

उष्णतेने राखाडी रंग फुगून पापुद्र्यासारखा सुटला होता आणि कापाला लागूनच पिवळ्या रंगाची कड दिसत होती. माझा काप सतराव्या दुरुस्तीतून गेला होता. लोखंड थंड होईपर्यंत मी थांबलो. मग कापलेल्या अंगावर ग्राइंडर फिरवला, केरोसिनने पुसला. आतले लोखंड चांदीसारखे होते. तडा नाही, पोकळी नाही, काही नाही. वेल्ड मूळ लोखंडाहून मजबूत होता.

"पाहा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पाहा आता! काय होतं यात वाईट?"

त्यांनी वाचायचा चष्मा लावला, वाकले, बोट फिरवले. "उत्तम काम आहे, फोरमन."

"मग?"

"हे मला कापल्यावर कळलं. घेणाऱ्याला कशानं कळलं असतं?"

त्यांनी टोपी घातली आणि हायवेच्या कडेने बडोद्याच्या दिशेने चालू लागले. संगमरवराचा व्यापारी जोरात हसला. "पागल है बुड्ढा," म्हणाला. ज्याच्या माणसांसाठी हे सगळे झाले, त्याचे म्हणणे एवढेच.

शेठने सौदा मोडला. मानेवाचून ट्रेलर म्हणजे भंगार. तो भंगारात गेला. महिना संपला आणि कारखान्याने काम दुसऱ्याला दिले. दिवाळीच्या आत आमचे फाटक बंद झाले. रमणभाईने मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले आणि अहमदाबादकडच्या एका मालकाची गाडी धरली. तिथे तो तारा बांबूने उचलतो की वायरमनची वाट पाहतो, हे मी विचारले नाही. मुलगा मस्कतला गेला.

शेवटच्या दिवशी त्यांनी चौदा जणांना चौदा शिफारसपत्रे दिली. सगळी स्वतःच्या हाताने लिहिलेली, ठसठशीत अक्षरात. माणसांनी ती वाचून दाखवायला माझ्याकडे आणली, कारण कुणालाच मराठी नीट वाचता येत नव्हते आणि मालकांना दुसऱ्या भाषेत लिहायचे नव्हते. तेरा पत्रे मी वाचली. प्रत्येकात एक शब्द होताच: विश्वासू. झाडू मारणाऱ्या बाईच्या पत्रातही होता.

मग माझे उघडले. त्यात लिहिले होते: "यांच्या तोडीचा वेल्डर मी पाहिलेला नाही." खाली सही.

ते पत्र घेऊन मी त्यांच्याकडे परत गेलो नाही. जायला हवे होते. पान्याची दिशा चुकली म्हणून आरती थांबवणाऱ्या माणसाने मला समोर उभे करून वाटेल ते बोलायला हवे होते. ते बोलले नाहीत. एक शब्द कमी लिहिला आणि मोकळे झाले. मला हा अन्याय वाटतो. एकोणीस वर्षे एका बाजूला आणि एक रविवार दुसऱ्या बाजूला.

नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्याच पत्रावर मला नोकरी मिळाली. तिथल्या साहेबाने विश्वासू शब्द शोधलाही नाही. वेल्डर हवा होता, मिळाला.

चौथ्या वर्षी एका उंच टाकीच्या शिडीचा आधार तडकला. मी तो वेल्ड केला. पण मागच्या बाजूला हात पोचत नव्हता. तिथे भरण नीट बसले की नाही याची मला खात्री नव्हती. तसे मी तरुण इंजिनिअरला सांगितले. उद्याच्या तपासणीच्या घाईत तो घड्याळ बघत म्हणाला, "काका, कलर मारी दो ने. काले इन्स्पेक्शन छे."

मी रंग मारला. चांगला मारला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सहा वर्षे ती शिडी माझ्या डोळ्यांसमोर होती. एक ऑपरेटर दर पाळीला तिच्यावरून वर जाई, टाकीची पातळी पाही, खाली येई. काही झाले नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मालकांनाही हे पक्के ठाऊक होते, तरी त्यांनी चौदा घरे कापली. म्हणून त्यांच्यावरचा माझा राग जात नाही. त्या ऑपरेटरला मी त्या जागेविषयी कधी सांगितले नाही. त्याचे नावही विचारले नाही. तो वर पोचला की मला ओळखीने हात करीत असे. मी मान खाली घालून कामाला लागत असे.